खंडेनवमीची पाती

दसऱ्याच्या सकाळी अनंता तारमळे विळीवर बसून नारळ खवत होता. एक वाटी झाली होती, एक व्हायची होती. घरातला पुरुष विळीवर बसलाय ही बातमी सापगावात कोणी कोणाला दिली नव्हती, तरी शेजारची तानी काही काम नसताना दोनदा दारावरून गेली आणि दोन्ही वेळा तोंडाला पदर लावून हसली. अनंताला त्याचं काही वाटलं नाही. मुरबाडच्या एमआयडीसीत बावीस वर्षं हजार डिग्रीच्या भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस तो. तानीच्या हसण्याची आच त्याला काय लागणार!

काम बायकोने नेमून दिलं होतं. "जलमभर पात्यांना पाणी देताव, एक दिस पात्यावर बसून बघा," असं म्हणून भागीरथी दाराला झेंडू आणि आंब्याची पानं बांधायला गेली होती. विळी कोरी करकरीत होती. पातं काल, म्हणजे खंडेनवमीला, कामाच्या शेडवरच्या पूजेत अनंताला प्रसाद म्हणून मिळालेलं. तो घरी येऊन अंघोळीला गेला तेवढ्यात भागीरथीने ते जगन सुताराकडे पाठवून सागवानी पाटावर बसवून घेतलं. नवी वस्तू वापरात आल्याशिवाय तिला चैन पडत नाही. सकाळी ती विळी पुढ्यात आली तेव्हा अनंताच्या कपाळावर एक आठी उमटली होती, आणि त्याच्या स्वभावाप्रमाणे लगेच मिटलीही होती.

दुसरी वाटी हातात घेऊन चार वेळा फिरवली असेल नसेल, तोच 'टिक्' असा आवाज आला. मोठा नाही, नखावर नख आपटावं एवढाच. अनंताने हात थांबवला. विळीच्या टोकाला खवणीचे बारा दाते होते, आता दहा उरले होते. राहिलेले दोन कुठे गेले हे विचारायला ज्योतिषाकडे जायची गरज नव्हती. समोर परातीत देवीच्या नैवेद्यासाठी खवलेलं पांढरंशुभ्र खोबरं होतं.

अनंता उठला. माळ्यावरच्या मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि खोबऱ्यावरून फिरवायला लागला. एक दाता आला. दुसरा काही येईना. आलेला दाता त्याने उजेडात धरून पाहिला. मोडलेली कड करडी, खडीसाखरेसारखी चमचमणारी होती. त्याला जे अष्टमीपासून माहीत होतं, ते आता त्याच्या बोटांच्या चिमटीत होतं.

भागीरथी आत आली. नवरा खोबऱ्यावर चुंबक फिरवतोय हे पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ह्यो कंचा विधी?"

"दाता मोडला गो. दोन मोडलं. एक घावला."

"नव्या पात्याचा?"

"पातं कच्चं हाय."

"कच्चं म्हणजी? शेठनी पूजा करून दिलंय ना?"

"पूजा केलीय," अनंता म्हणाला. "टेम्परिंग नाय केलंय."

इथे अनंताची थोडी ओळख करून द्यायला हवी, नाहीतर एवढ्याशा दात्यापायी माणूस का घामाघूम झाला ते कळायचं नाही.

अनंता दहावीला दोनदा बसला आणि दोन्ही वेळा उठून आला. मग थोरल्या शेठने, म्हणजे आताच्या प्रणितशेठच्या वडिलांनी, त्याला शेडची झाडलोट करायला ठेवलं. त्या शेडमध्ये दुसरं काही बनत नाही. लोकांनी कापून आणलेली पाती, कात्र्या, सुऱ्या तिथे भाजून कडक करून मिळतात. थोरले शेठ स्वभावाने खाष्ट, पण कामाचे पक्के. झाडू मारता मारता हा पोरगा भट्टीच्या झरोक्याकडे टक लावून बघतो, हे त्यांनी हेरलं आणि एक दिवस त्याला भट्टीपुढे उभं केलं. लाल दिसतंय तोवर पोलाद झोपलेलं आहे, केशरी झालं की जागं झालं, आणि केशरीवर पिवळी झाक आली की वीसेक मिनिटं तिथेच धरायचं आणि तेलात बुडवायचं, हे त्यांनी शिकवलं. पुढे भट्टीला आकडे दाखवणारा डबा बसला. डबा एक हजार तीस म्हणायचा आणि अनंता म्हणायचा, "नाय, वीस कमी हाय." तपासणीवाला बोलावला की डबाच खोटा निघायचा. याबद्दल अनंताला कधी बक्षीस मिळालं नाही. डबा मात्र दोनदा नवा आला.

विळीच्या पात्याचं पोलाद हे आपल्या ताटवाटीच्या स्टीलहून वेगळं. ताटवाटीचं स्टील शांत स्वभावाचं. कितीही तापवा, कितीही बुडवा, ते आहे तस्संच. त्याला धार म्हणून टिकायची नाही. पात्याच्या पोलादात क्रोम असतं म्हणून ते सहजी गंजत नाही, आणि कार्बन असतो म्हणून तापवून तेलात टाकलं की काचेसारखं कडक होतं. अगदी चिक्कीच्या पाकासारखं. पाकाचा थेंब पाण्यात टाकला की तो टण वाजतो, आणि दाताखाली धरला की कटकन तुटतो. तेलातून निघालेलं पातं त्याच जातीचं: धार घेईल, पण धक्का घेणार नाही. म्हणून ते लगोलग दुसऱ्या ओव्हनमध्ये दोनशे डिग्रीवर दोन तास ठेवायचं. कडकपणा जवळजवळ तेवढाच राहतो, फक्त अंगातली चिडचिड निघून जाते. याला म्हणतात टेम्परिंग. ते त्याच दिवशी करावं लागतं. रात्रभर तसंच ठेवलं तर पातं आपलं आपण चिरतं, कोणी हात न लावता. थोरले शेठ म्हणायचे, कच्चं पातं शेडमध्ये आणि उपाशी जावई घरात रात्रभर ठेवायचा नाही.

पोलादाची चिडचिड काढणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र चिडता येत नव्हतं. 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून निघत नसे. त्याच्याकडे त्याऐवजी 'बघतो' होतं. सुट्टीच्या दिवशी ये म्हटलं की बघतो. भजनी मंडळाचा टाळ वाजवायला कसाऱ्यापर्यंत चल म्हटलं तरी बघतो, आणि मग निमूट जायचा. टाळाला त्याचा कान इतका तयार की, फुटका टाळ कोणी पिशवीतून काढायच्या आधी त्याला कळे. पण त्या टाळकऱ्यालाही तो कधी "तुझा टाळ फुटलाय" म्हणाला नाही. आपल्या टाळाचा आवाज थोडा मोठा करी, एवढंच.

थोरले शेठ तीन वर्षांपूर्वी वारले आणि शेड प्रणितशेठकडे आली. प्रणितशेठ इंजिनिअर. त्यांना पोलादाचं सगळं माहीत होतं, फक्त ते कधी हातात धरलेलं नव्हतं. काम असलं की अनंताला 'अनंतदादा' म्हणायचे, काम झालं की 'अनंता'. आणि भक्ती म्हणाल तर अफाट. गेटपाशी देऊळ बांधलं, त्यात संगमरवरी मूर्ती बसवली, तिच्यावर कॅमेरा बसवला. कामगारांच्या पंख्याचा मात्र विचार चालू होता.

यंदाची अष्टमी. सापगावच्या बायकांच्या बचतगटाने विळ्यांची दोनशे पाती कल्याणहून कापून आणली होती. पोलादाच्या पट्ट्या गटाच्या, भाजायचं काम शेडचं. दिवाळीआधी ठाण्याला प्रदर्शन होतं, त्यात गटाला गाळा मिळाला होता. रोशनी गटाची अध्यक्ष, भागीरथी सभासद. गाळा मिळवायला दोन वर्षं अर्ज केले होते. अनंताच्या ओळखीने काम चोख होईल, असं भागीरथीनेच भर बैठकीत छातीठोक सांगितलं होतं.

संध्याकाळी पाती तेलातून निघाली. अनंता ती ओव्हनकडे नेणार तोच प्रणितशेठ हातात सिल्व्हर रंगाचा डबा घेऊन आले.

"अनंतदादा, ओव्हन आता लावायचा नाही. रंग मारायचाय. उद्या सकाळी सातचा मुहूर्त आहे."

"शेठ, टेम्परिंग राहिलंय. दोनच तास."

"दोन तासांनी दार गरम असेल, त्यावर रंग मारणार कधी, वाळणार कधी? गेल्या वर्षी आठवतंय ना?"

गेल्या वर्षीचं सगळ्यांनाच आठवत होतं. ओव्हन कोमट असताना पूजा केली, तेव्हा झेंडूची माळ करपली आणि कुंकवाचं स्वस्तिक काळं पडलं. शेठच्या मातोश्रींनी तो अपशकुन वर्षभर घोळवला होता.

"रंग मागाहून मारला तर?" अनंता म्हणाला.

"देवीसमोर कळकट ओव्हन ठेवायचा? असं कर, पाचशेवर टाक, अर्ध्या तासात उरक."

"पाचशेला पात्यावर रंग झ्याक येतो शेठ, पन मग पातं गंजतं बी आनि मोडतं बी. थोरल्या शेठनी एकदा—"

"बरं, राहू दे. पूजेनंतर करू. पाती काय पळून जातात?"

आता इथे एक 'नाही' हवा होता. छोटासा. बावीस वर्षांत एकदा. अनंताने ओव्हनकडे पाहिलं, पात्यांकडे पाहिलं, रंगाच्या डब्याकडे पाहिलं.

"बघतो, शेठ," तो म्हणाला, आणि ब्रश हातात घेतला.

नवमीची पूजा दृष्ट लागण्यासारखी झाली. दोनशे पाती भट्टीपुढे गोल गोल मांडून त्यांचं सूर्यचक्र केलं होतं. मध्ये समई, भोवती शेवंती. प्रणितशेठनी सोवळं नेसून पात्यांवर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, दणक्यात नारळ फोडला आणि त्याचं पाणी सगळ्या पात्यांवर शिंपडलं. लगेच फोटो काढले. ते मोबाइलवर चढेपर्यंत आरती थांबली होती. मग प्रत्येकाला पेढ्यांचा पुडा, आणि अनंताला, जुना माणूस म्हणून, पुड्यासोबत चक्रातलं एक पातं. प्रसादाला नको कसं म्हणायचं? त्याने ते दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं.

दुपारी बाकीची पाती फडक्याने पुसून खोक्यांत भरायला घेतली होती. परवा बायका न्यायला येणार, उद्या सुट्टी. टेम्परिंगचं नावही कोणी काढलं नाही. अनंताने खोकी पाहिली. तोंड उघडलं. आणि त्यात पेढा टाकला.

तर असा हा पेढा दसऱ्याच्या सकाळी त्याला बाधला.

भागीरथीने सगळं ऐकून घेतलं. मग परात उचलली, परसात गेली आणि दोन्ही वाट्यांचं खोबरं केळीच्या बुंध्याशी ओतून आली. "देवीला गूळ-पुरी चालंल," ती म्हणाली. "लोखंड नाय चालनार."

ती देव्हाऱ्यापुढे बसली, निरांजन लावलं, हात जोडले. अनंताला वाटलं, आता निदान घटकाभर बोलणार नाही. पण हात जोडलेलेच ठेवून ती म्हणाली, "तिकडं दोनशे हायेत अशी?"

"एक आपल्याकडं. तिकडं एकशे नव्व्याण्णव."

"लोक करंज्या करायला विळ्या नेतील. तुमच्यासारखा चुंबक फिरवनारा त्यांच्या घरी हाय का? एकांद्या पोराच्या घशात दाता गेला म्हंजी?"

अनंता चिमटीतला दाता फडक्यात गुंडाळत राहिला.

"तुमी शेठला काय म्हनालात?"

"बघतो म्हनालो."

"मंग बघा आता."

"तू रोशनीला फोन लाव ना," अनंता चाचरत म्हणाला. "तुजं ती ऐकती."

"मी नाय सांगनार." भागीरथी वळली. "मी सांगितलं तर लोक म्हनतील, नवरा-बायकोचं कायतरी बिनसलंय. उद्या आमी टेंपो घेऊन येतो. थितं, शेडवर, शेठच्या म्होरं तुमी सांगा. बैठकीत मी तुमच्या नावानं शब्द दिलाय. त्यो शब्द माजा नाय, तुमचा हाय."

संध्याकाळी गावात सोनं वाटताना अनंताने पन्नास घरी आपट्याची पानं दिली आणि पन्नास जणांच्या तोंडून "सोन्यासारखं राहा" ऐकलं. पोलादासारखं राहा असं कोणी म्हटलं असतं तर तो तिथेच खाली बसला असता.

दुसरा दिवस एकादशीचा. प्रणितशेठ खुशीत होते. खोकी गेटपाशी रचलेली, त्यांवर सोनेरी स्टिकर. साडेदहाला टेंपो आला. त्यातून रोशनी उतरली, मागोमाग भागीरथी. रोशनी म्हणजे बोलायला लागली की समोरच्याने आपली वाक्यं उद्यासाठी जपून ठेवावीत, अशी बाई. तिने स्टिकर वाचला आणि डोळे मोठे केले.

"चारशेवीस? अवो शेठ, फशिवताव तर फशिवताव, वर छापून बी देताव?"

"ताई, तो पोलादाचा नंबर आहे. जगभर तोच नंबर असतो."

"जगभर असतील की. आमच्या शहापुरात बी हायेत चारशेवीस, पन ते कपाळावर लिवत नाय." असं म्हणत तिने पर्समधून फ्रिजला लावायचं लोहचुंबक काढलं, खोकं उघडलं आणि पात्याला लावलं. चुंबक टपकन चिकटलं. रोशनी विजयाने भागीरथीकडे वळली. "बघ! भांडीवाल्यानं सांगितलेलं, चुंबक चिकटला तर स्टील डुप्लिकेट."

प्रणितशेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. बिचाऱ्यांवर नेमका तोच आरोप आला होता, ज्यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता.

"अहो, असं नसतं ते! अनंतदादा, इकडे या. तुम्ही सांगा ह्यांना. बावीस वर्षांचा अनुभव आहे यांचा."

अनंता पुढे आला. हातातलं फडकं त्याने तीनदा पिळलं, ते कोरडं होतं तरी.

"चुंबक चिकटनारच, वयनी," तो म्हणाला. "ताट-तांब्याला चिकटत नाय, कारन त्याच्यात निकेल आसतो. पन त्याला धार बी राहत नाय. ह्ये धारेचं पोलाद. ह्याला चुंबक चिकटतो. चिकटला नाय तर मी म्हनंन, कायतरी गडबड हाय."

"म्हंजी गंजनार नाय?"

"चिंच-लिंबू कापून तसंच ओलं टाकलं तर डाग पडंल. धुवून पुसून ठिवलं तर वर्सान्‌वर्सं काय व्हत नाय."

प्रणितशेठना डागाचा उल्लेख आवडला नाही, पण बाकी भाषण पसंत पडलं. त्यांनी अनंताच्या पाठीवर हात ठेवला. "ऐकलंत? मग भरायची ना खोकी?"

रोशनीने चुंबक पर्समध्ये टाकलं. "म्हंजी पाती चांगली हायेत ना, भावोजी? तुमी सांगा, आमी डोळं मिटून नेतो."

भागीरथी गेटजवळच्या संगमरवरी देवीकडे बघत होती. पण तिचे ओठ हलत नव्हते, म्हणजे ती नामस्मरण करत नव्हती. वाट बघत होती.

अनंताचं तोंड उघडलं. "बघ—" एवढं आलं, आणि तिथे अडलं. तोंडात टाकायला आज पेढा नव्हता.

"नाय," तो म्हणाला.

शब्द इतका अनोळखी होता की प्रणितशेठना वाटलं दुसरंच कोणी बोललं.

"नाय न्यायची. पोलादात खोट नाय. भाजण्यात हाय. अष्टमीला टेम्परिंग केलं नाय. मी करनार व्हतो, मला रंग मारायला लावला. मी बी गप बसलो. माज्या घरात काल दोन दातं मोडलं. एक अजून सापडला नाय."

"अनंता!" दादा गळून पडला. "काय बोलतोयस? एक पातं सुटलं म्हणून सगळा लॉट वाईट होतो का?"

अनंताने खोक्यातलं एक पातं काढलं, भोकातून सुतळी ओवली, डाव्या हातात लोंबत धरलं आणि खिळ्याने हलकेच टिचकी मारली. पातं वाजलं, स्वच्छ, लांबवर, देवळातल्या लहान घंटेसारखं. त्याने ते बाजूला ठेवलं. दुसरं लावलं. तेही वाजलं. तिसरं खट्‌ झालं, आणि तिथेच मेलं.

"ह्ये चिरलंय," अनंता म्हणाला. "दात्याच्या कोनात बघा."

रोशनीने ते डोळ्यांपाशी नेलं. कोनात केसाएवढी रेघ होती. आणि रेघेच्या शेजारी, नारळाचं पाणी वाळलं होतं तिथे, मोहरीएवढे तांबूस ठिपके.

"ह्यो गंज?"

"अभिषेक," भागीरथी पहिल्यांदा बोलली.

प्रणितशेठ लाल झाले. केशरीपर्यंत गेले नाहीत एवढंच. "वहिनी, देवाच्या कामात चेष्टा नको. खंडेनवमीची पूजा आमच्याकडे माझ्या आजोबांपासून आहे. पूजा केली हे काय चुकलं?"

"पूजा कशी चुकंल, शेठ? मी बी काल केली," भागीरथी म्हणाली. "पन देवी बोलली व्हती का, पाती कच्ची ठिवा आनि दार रंगवा? तुमचं वडील बी पूजा करायचं. आदल्या दिशी भाजून मोकळं व्हायचं. कळकट दारावरच हळदकुंकू लावायचं. तवा तर देवी रुसली नाय."

या बोलण्यावर प्रणितशेठनी उत्तराऐवजी उपाय सुचवला. "ठीक आहे. आत्ता लावू ओव्हन. सगळी टेम्पर करू. दोन तासांत घेऊन जा."

"भाजून चीर बुजत नाय," अनंता म्हणाला. आज त्याला लागोपाठ 'नाय' सुचत होतं. सवय लागायला वेळ लागत नाही. "शाबूत हायेत तेवढीच भाजायची. बाकी भंगार."

"म्हणजे निम्मा माल भंगार? आणि हे तू कस्टमरसमोर सांगतोस?" प्रणितशेठनी आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली आला की समजावं, कायमचं काहीतरी ठरतंय. "हुशार झालास. मग भट्टीपुढे कशाला भाजून घेतोस स्वतःला? सोमवारपासून गेटवर बस. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिही. भट्टीला आता कंट्रोलर आहे, बटण कोणीही दाबेल."

अनंताने मान हलवली.

"बरं," तो म्हणाला. "पन आज शुक्करवार हाय. आज भट्टीवर मीच. शाबूत पाती भाजून देतो."

रोशनीने तोवर टेंपोच्या सावलीत बैठक मारली होती. "आनि चिरलेल्या पात्यांच्या पट्ट्या आमच्या व्हत्या, शेठ. नव्या पट्ट्या कधी देताव त्ये शेडच्या कागदावर लिवून द्या. आमी बसतो. आमाला एकादशी हाय, जेवायची घाई नाय."

प्रणितशेठ केबिनमध्ये गेले. कागद यायला दीड तास लागला. मजकूर तीन ओळींचा होता. इंजिनिअर माणूस, मोजूनमापून लिहिणारच.

अनंताने एकेक पातं सुतळीला टांगलं. टिचकी, कान, डावीकडे. टिचकी, कान, उजवीकडे. एकशे नव्व्याण्णवांपैकी शाबूत निघाली निम्म्याहून थोडी जास्त. चुकून एखादं सुटू नये म्हणून ती त्याने पुन्हा एकदा वाजवली, आणि दुसऱ्या खेपेला आणखी दोन उजवीकडे गेली. मग उरलेली त्याने ओव्हनमध्ये एकमेकांना न चिकटतील अशी मांडली. दोनशेवर काटा आल्यावर घड्याळ पाहिलं. त्या दोन तासांत तो ओव्हनच्या दारापासून हलला नाही. दारावरचा नवा सिल्व्हर रंग तापून फुगला, त्याला बारीक फोड आले आणि त्यावरच्या कुंकवाच्या स्वस्तिकाचा एक हात सोलवटून खाली पडला. अनंताने तो पाहिला.

चारच्या सुमारास त्याने निवलेलं एक पातं घेतलं, पक्कडीत धरलं आणि टोक हळूच वाकवलं. पातं जरा वाकलं, आणि सोडल्यावर सरळ झालं. त्याने पुन्हा वाकवलं. पुन्हा सरळ. मग पक्कड ठेवून त्याने बावीस वर्षांत पहिल्यांदाच खोकं स्वतःच्या हाताने टेंपोत नेऊन ठेवलं.

टेंपोत मागे बसून सगळे सापगावला निघाले. शहापूर जवळ आल्यावर रोशनीने भागीरथीला कोपरखळी मारली. "तुजा नवरा बोलतो गो! मला वाटायचं, भजनात नुस्ता टाळ वाजवतो."

"मला बी तसंच वाटायचं," भागीरथी म्हणाली.

घरी आल्यावर तिने वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी पानात वाढली. अनंता हात धुवून बसला. पहिला घास घेतल्यावर ती म्हणाली, "गेटवर काय करनार?"

"गाड्यांचं नंबर लिवनार."

"लिवता येतं ना? दहावीला दोनदा बसलाव म्हनून इचारते."

अनंता हसला. हसताना त्याच्या भुवयांचे अर्धवट जळके केस हलले. भट्टीने त्याला दिलेलं एवढंच दागिन्यासारखं होतं. "प्रदर्शनाला किती विळ्या व्हतील?"

"शंभरावर. रोशनी म्हनते, दोनशे म्हनून सांगितलं व्हतं तर थोडं कमी पडू दे, मानसं मोडकं घिऊन परत येन्यापरीस रिकामी परत गेली तरी चालंल." भागीरथीने आमटी वाढली. "त्या चिरलेल्या पात्यांचं काय केलंव?"

"मधोमध मोडून आलो. नायतर सोमवारी कोनतरी पुसून पुन्यांदा खोक्यात भरायचा."

तिने त्याच्या पानात आणखी एक डाव भात घातला, आणि हे तिच्या हिशेबाने पुष्कळ झालं.

पाती भाजून झाली होती, पण धार लागायची होती. शेडच्या ग्राइंडरला आता अनंताला कोणी हात लावू देणार नव्हतं. कसाऱ्याला गोमा म्हणून रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला एक म्हातारा घरच्या सहाणीवर पाणी सोडून धार लावतो. पातं तापू देत नाही, म्हणून अनंताचा त्याच्यावर भरवसा. उद्या द्वादशीचं पारणं फेडून, सकाळच्या गाडीने आसनगावहून पात्यांचं खोकं घेऊन अनंताला कसाऱ्याला गोमाकडे जायचं होतं, धार लावून आणायला.